अल्वाराडो स्कोअरचा थीसिस मिळाला आहे. ड्युटी सांभाळून यातून खरं संशोधन होऊ शकतं का?

ठाणे जिल्ह्यातल्या एका शिकवणाऱ्या रुग्णालयात जनरल सर्जरीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या डॉक्टरांनी विचारलं आहे: गाइडनी थीसिससाठी अपेंडिक्सच्या रुग्णांमधला अल्वाराडो स्कोअर (लक्षणं, पोटाची तपासणी आणि रक्ततपासणी यांना गुण देऊन अपेंडिक्स सुजल्याची शक्यता सांगणारा) हा विषय दिला आहे, तो आजवर असंख्य जणांनी केला आहे, ड्युटीतून मान वर काढायला फुरसत नाही, अशात मनापासून काही करता येतं, की उरकून टाकायचं? त्यांच्याच युनिटमधल्या नव्या असिस्टंट प्रोफेसरांनी पुढे जोडलं आहे की यात शिक्षकांनी नेमकं काय करायचं असतं.

ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात मी बरीच वर्षं सर्जरी शिकवतो आहे, पीजींचे थीसिस गाइड केले आहेत, संशोधनाला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीवरही काम केलं आहे. त्या आधारावर लिहितो.

उरकून टाकू नका. विषय जुना आहे याचं वाईटही वाटून घेऊ नका. अल्फ्रेडो अल्वाराडो यांनी १९८६ साली फिलाडेल्फियातल्या ३०५ रुग्णांच्या नोंदींवरून हा दहा गुणांचा स्कोअर मांडला आणि नंतर जगभर तो तपासून झाला. 'स्कोअर उपयोगी आहे का' एवढंच विचारलंत तर उत्तर परीक्षकांना आधीच माहीत आहे. पण रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत पोट धरून बसलेल्या मुलाचा स्कोअर पाच किंवा सहा येतो, सोनोग्राफी सकाळशिवाय होणार नाही, सीटीची सोय नाही किंवा घरच्यांकडे पैसे नाहीत. त्याला टेबलावर घ्यायचं, की दर काही तासांनी पोट तपासत सकाळपर्यंत थांबायचं? ज्यांना थांबवलं त्यांच्यापैकी किती जणांचं अपेंडिक्स फुटलं, किती जण ऑपरेशनविना बरे झाले, आणि ज्यांना लगेच उघडलं त्यांच्यापैकी किती जणांच्या अपेंडिक्समध्ये पॅथॉलॉजीला काहीच सापडलं नाही? तुमच्या युनिटमध्ये हे बहुधा कोणी मोजलेलं नसेल. हा प्रश्न दिलेल्या विषयातच बसतो, शीर्षकात दोन शब्द वाढवले की झालं. आणि याचं उत्तर मिळालं तर तुमच्या युनिटचा ऑनकॉल रेसिडेंट रात्री काय करतो ते बदलू शकतं. प्रश्न निवडताना मी हीच एक कसोटी लावतो: उत्तर 'हो' आलं तर आपण काय वेगळं करू, आणि 'नाही' आलं तर काय? दोन्ही वेळा तेच करणार असू तर त्या प्रश्नासाठी रुग्णाला त्रास देऊ नये.

या विषयावरच्या सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे थीसिसच्या आराखड्यात, एक दोष मला सारखा दिसतो, म्हणून त्यावर थोडं सविस्तर लिहितो. अभ्यासात फक्त ऑपरेशन झालेले रुग्ण घेतले जातात, कारण पॅथॉलॉजीचा रिपोर्ट त्यांचाच मिळतो. पण ऑपरेशन कोणाचं होतं? बहुतेक करून ज्यांचा स्कोअर जास्त त्यांचंच. कमी स्कोअर असून अपेंडिक्स सुजलेले आणि कमी स्कोअर असून ठणठणीत असलेले, हे दोन्ही गट मोजणीतून गळतात. मग स्कोअर आहे त्यापेक्षा अधिक रुग्ण पकडतो असं दिसतं, आणि निरोगी माणसाला निरोगी म्हणण्याची त्याची ताकद कळतच नाही. उपाय कष्टाचा आहे पण अवघड नाही. उजव्या बाजूच्या पोटदुखीने अपेंडिक्सच्या संशयावर आलेला प्रत्येक रुग्ण यादीत घ्यायचा. ऑपरेशन झालं त्यांचं निदान पॅथॉलॉजीवरून ठरवायचं, झालं नाही त्यांना सातव्या आणि तिसाव्या दिवशी फोन करायचा: दुखणं परत आलं का, दुसरीकडे ऑपरेशन झालं का. ज्यांना ओपीडीतून गोळ्या देऊन परत पाठवलं तेही यादीत हवेत. नेमके हेच राहून जातात.

दुसरी गोष्ट, स्कोअर सोनोग्राफी किंवा सीटीच्या आधी भरा आणि शेजारी घड्याळातली वेळ लिहा. रिपोर्ट हातात आल्यावर पोटाला हात लावला की दाबून सोडल्यावर दुखतंय असं वाटायला लागतं. यात अप्रामाणिकपणा नाही, माणसाचं मन तसं चालतं. तिसरी, या स्कोअरमधला एक गुण पांढऱ्या पेशींच्या लेफ्ट शिफ्टचा, म्हणजे रक्तात अपक्व पांढऱ्या पेशी वाढल्याचा आहे. रात्रीच्या लॅबमधून एकूण पेशी कळतात, पण हा तपशील कित्येकदा येत नाही. तुमच्याकडे तो खात्रीने मिळत नसेल तर तो गुण वगळून नऊ गुणांचा सुधारित स्कोअर वापरला जातो. कोणता घेणार ते सिनॉप्सिसमध्येच लिहा, मधेच बदलू नका.

रुग्ण किती हवेत? गाइड 'शंभर घे' म्हणतील. शंभर हा आकडा कुठून आला ते विचारा, आदराने विचारा. साधा हिशेब असा: स्कोअर शंभरातले साधारण ८५ खरे रुग्ण पकडतो असं धरलं आणि हा आकडा सात टक्के इकडेतिकडे चालेल म्हटलं, तर अपेंडिक्स ठरलेले सुमारे १०४ रुग्ण लागतात. संशयितांपैकी साठ टक्क्यांना खरोखर अपेंडिक्स निघतं असं मानलं तर यादीत १७० च्या पुढे माणसं हवीत. दोन उपचारांची तुलना करायची असेल तर आकडे अंगावर येतात. जखम पिकण्याचं प्रमाण १५ टक्क्यांवरून १० वर आलं हे नेहमीच्या कसोट्यांवर दाखवायला प्रत्येक गटात जवळजवळ सातशे रुग्ण लागतात. प्रत्येकी तीस रुग्णांचे दोन गट करून 'फरक आढळला नाही' असं लिहिणारे थीसिस म्हणूनच मला अस्वस्थ करतात. त्या संख्येत फरक आढळण्याची शक्यताच फार कमी होती, आणि साठ माणसांनी आपला वेळ आणि विश्वास दिलेला होता. एकट्या रेसिडेंटने एका युनिटमध्ये तुलनेचा अभ्यास शक्यतो घेऊ नये. आपल्याकडे काय घडतं ते नीट मोजणारा अभ्यास घ्यावा. त्याला कमी दर्जाचा समजू नका.

वेळेचं गणितही आधी मांडा. एमएसची तीन वर्षं म्हणजे छत्तीस महिने. सिनॉप्सिस आणि एथिक्स कमिटीची मंजुरी यात पहिले सहा सहज जातात. परीक्षेच्या सहा महिने आधी थीसिस द्यायचा असतो, त्याआधी आकडेमोड आणि लिखाणाला तीन-चार महिने. उरतात वीसेक. त्यात तिसऱ्या ते पाचव्या सत्रात कधीतरी तीन महिने जिल्हा रेसिडेन्सीसाठी, म्हणजे जिल्हा रुग्णालयात काम करायला, बाहेर जावं लागतं. तेव्हा रुग्ण कोण नोंदवणार? सहकाऱ्याचं नाव आत्ताच ठरवा, त्याला फॉर्म भरायला शिकवा आणि सह-अन्वेषक म्हणून त्याचं नाव मंजुरीच्या कागदांत घाला.

प्रश्न कुठून सुचतात याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण मला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण आपल्याकडे मोठ्या मशिनीशिवाय संशोधन होत नाही असं मुलांच्या मनात बसलेलं आहे. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे सर्जन डॉ. टोणगावकर यांच्यासमोर हर्नियाची जाळी परवडत नसलेले रुग्ण होते. त्यांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं आणि इतर सर्जनांना सोबत घेऊन त्याच्या नोंदी २००३ साली इंडियन जर्नल ऑफ सर्जरीत छापल्या. पुढे २०१६ मध्ये युगांडातल्या ३०२ पुरुषांवर मच्छरदाणीच्या कापडाची स्वस्त जाळी आणि बाजारातली महाग जाळी यांची चिठ्ठ्या टाकून तुलना झाली, ती न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आली, आणि वर्षभरानंतर दोन्ही गटांत लक्षणीय फरक निघाला नाही. तालुक्याच्या गावातल्या सर्जनचा प्रश्न तिथपर्यंत गेला, कारण त्यांनी नोंदी ठेवल्या आणि छापल्या.

दुसरं उदाहरण लॅन्सेटमध्ये २०२२ साली आलेल्या चीता ट्रायलचं. प्रश्न इतका साधा की वाचताना हळहळ वाटते, आपल्याला का सुचला नाही: पोट बंद करण्याआधी हातमोजे आणि अवजारं बदलली तर जखम पिकणं कमी होतं का? भारतासह सात देशांतली ८१ रुग्णालयं, १३,३०१ रुग्ण. प्रमाण १८.९ वरून १६ टक्क्यांवर आलं. त्याआधी २०२१ मध्ये अशाच गटाने ५,७८८ रुग्णांवर पाहिलं की कातडी पुसायला पोविडोन आयोडीनऐवजी महागडं क्लोरहेक्सिडीन आणि जंतुनाशक लावलेला धागा यांनी फरक पडतो का. पडला नाही. हे उत्तरही आपल्यासाठी मोलाचं आहे, कारण महापालिकेच्या रुग्णालयात पोविडोन आयोडीनच असतं आणि नातेवाइकांना बाहेरून महाग धागा आणायला सांगताना आता दोनदा विचार करता येतो. आणि टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या पुढाकाराने देशातल्या ११ केंद्रांत सुमारे १६०० स्त्रियांवर झालेला अभ्यास आठवा: स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशनच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीभोवती अर्धा टक्का लिग्नोकेन, म्हणजे जागा बधिर करणारं नेहमीचं औषध, टोचायचं. पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण ८६.४ ऐवजी ९०.१ टक्के आलं. हे औषध प्रत्येक मायनर ओटीच्या ट्रेमध्ये असतं.

आपल्या भागात असे प्रश्न भरपूर आहेत. लोकलमधून पडून आलेला तरुण. शहापूर-मुरबाडहून दोन-तीन ठिकाणी रेफर होत आलेलं आतड्याचं छिद्र, ज्यात पोट दुखायला लागल्यापासून चीर देईपर्यंतचा वेळ कुठे किती गेला हे कोणाच्याही कागदावर नसतं. भिवंडीतल्या यंत्रमागावर उभ्याने काम करणाऱ्या मधुमेही माणसाच्या पायाची जखम. तुमच्या युनिटच्या मॉर्टॅलिटी मीटिंगमध्ये, म्हणजे दगावलेल्या रुग्णांवरच्या चर्चेत, ज्या वाक्यावर सगळे गप्प होतात ते वहीत लिहून ठेवा, पुढचा विषय तिथेच असतो.

आता नोंदींविषयी. संशोधन बिघडतं ते बहुतेक इथेच. केस पेपरवर मधुमेहाचा उल्लेख नसेल तर मास्टर चार्टमध्ये, म्हणजे सगळ्या रुग्णांच्या एकत्र तक्त्यात, रेसिडेंट 'नाही' भरतो. उल्लेख नसणं आणि मधुमेह नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिथे 'नोंद नाही' असा तिसरा रकाना ठेवा, आणि शेवटी किती ठिकाणी नोंद नव्हती ते थीसिसमध्ये उघड लिहा. परीक्षक त्याबद्दल गुण कापत नाहीत, आणि कापले तरी लिहा. प्रोफॉर्मा एका पानाच्या वर नेऊ नका. इमर्जन्सीच्या रात्री चार पानी फॉर्म कोणी भरत नाही, तो सकाळी आठवून भरला जातो आणि आठवून भरलेल्या वेळा गोल आकड्यांत येतात. मास्टर चार्टमध्ये नाव, आयपीडी (दाखल रुग्णाचा) नंबर, मोबाइल नंबर असं काही नको, फक्त कोड. कोड आणि नाव जोडणारी यादी वेगळ्या जागी, कुलुपात. रुग्णांचे फोटो व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर फिरतात तिथून ते थीसिसमध्ये उचलू नका, त्यासाठी वेगळी लेखी संमती लागते.

फॉलोअपचं खरं दुखणं आपल्या रुग्णांच्या वेळापत्रकात आहे. जखम पिकली की नाही हे तीस दिवस पाहायचं असतं, हर्नियात जाळी बसवली असेल तर नव्वद. तिसऱ्या दिवशी घरी सोडलेल्या रुग्णाची जखम सातव्या-आठव्या दिवशी पिकते आणि तो जवळच्या डॉक्टरकडे ड्रेसिंग करून घेतो. वॉर्डात पाहिलं तेवढंच मोजलं तर आपले आकडे सुंदर दिसतात आणि खोटे असतात. जून-जुलैत लावणी सुरू झाली की मुरबाडचा माणूस येणार नाही. गणपतीत अर्धी ओपीडी कोकणात असते. वीटभट्टीवर जाणारी कातकरी कुटुंबं पावसाळा संपला की पाडा सोडतात आणि उन्हाळ्याच्या अखेरीस परततात. दाखल करतानाच दोन नंबर घ्या, एक घरचा, एक शेजाऱ्याचा किंवा गावच्या आशाताईंचा. कोणत्या महिन्यात कुठे असाल हे विचारा. आणि टाके काढायला बोलावता त्याच दिवशी अभ्यासाची तपासणी करा. एका खेपेसाठी त्याचा दिवसाचा रोज बुडतो आणि सोबत येणाऱ्याचाही.

संमतीपत्राच्या बाबतीत मी कमिटीत नेहमी अडून बसतो. मराठी, हिंदी आणि मुंब्रा-भिवंडीकडच्या रुग्णांसाठी उर्दू, अशा तिन्ही भाषांत ते हवं, आणि भाषांतर झालं की वॉर्डातल्या मावशींना वाचून दाखवून त्यांना कळलं का ते विचारा. वाचता न येणाऱ्याच्या अंगठ्यासोबत साक्षीदाराची सही लागते, तो साक्षीदार तुमचा इंटर्न नसावा. सगळ्यात महत्त्वाचं, आपल्याकडच्या रुग्णाला जायला दुसरी जागा नसते. 'नाही म्हटलं तर डॉक्टर चिडतील, ऑपरेशनचा नंबर मागे जाईल' ही भीती तो बोलून दाखवत नाही. जो रेसिडेंट ऑपरेशनची तारीख देणार त्यानेच अभ्यासाची संमती मागितली तर ही भीती दुप्पट होते. दुसऱ्या युनिटच्या सहकाऱ्याला किंवा समाजसेवा अधीक्षकांना हे बोलायला सांगा. अभ्यासासाठी म्हणून केलेल्या जादा तपासणीचा एक रुपयाही रुग्णाकडून घ्यायचा नाही.

जुने केस पेपर चाळायचे असले तरी एथिक्स कमिटीची परवानगी आधी लागते; संमतीची अट कमिटी माफ करू शकते, तुम्ही स्वतः नाही. ट्रायल असेल तर सीटीआरआयवर, म्हणजे ट्रायलच्या भारतीय नोंदवहीत, नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधीच करावी लागते, १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी होत नाही. आणि गट चिठ्ठ्यांनीच पाडायचे, त्याही बंद, अपारदर्शक, नंबर टाकलेल्या पाकिटांत. सम-विषम आयपीडी नंबर चालत नाही. पुढचा रुग्ण कोणत्या गटात जाणार हे दारातच कळलं की अवघड केस आपोआप दुसऱ्या गटात सरकते.

असिस्टंट प्रोफेसर डॉक्टरांसाठी. रेसिडेंट तीन वर्षांत जातो, तुम्ही राहता. म्हणून सलग चालणारी गोष्ट तुमच्या हातात हवी. दर वर्षी नवा विषय शोधण्याऐवजी युनिटचं एकच रजिस्टर सुरू करा, समजा इमर्जन्सी लॅपरोटॉमीचं, म्हणजे तातडीने पोट उघडण्याच्या ऑपरेशनचं. प्रत्येक रुग्णाचे पंधरा-वीस रकाने, आणि ऑपरेशननंतरची गुंतागुंत क्लाव्हिन-डिंडो प्रतवारीने (तिच्यासाठी कोणता उपचार लागला यावरून पायऱ्या ठरवणारी) नोंदवा, म्हणजे 'किरकोळ' आणि 'गंभीर' यावरून वाद होणार नाहीत. एथिक्स कमिटीची मंजुरी घेऊन ते कायम चालू ठेवा. पहिल्या वर्षाचा रेसिडेंट त्यातला एक प्रश्न घेईल, पुढच्या वर्षीचा दुसरा, आणि पाच वर्षांनी तुमच्याकडे असा साठा असेल जो एकट्या थीसिसमधून कधीच उभा राहत नाही. शेजारची रुग्णालयं जोडता आली तर आणखी चांगलं. कळवा, नेरूळ, कामोठे इथे वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, खारघरला टाटाचं ॲक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र आहे. सगळी तासाभराच्या अंतरात. सातशेचा जो आकडा एका युनिटला अशक्य वाटतो तो चार ठिकाणी मिळून आवाक्यात येतो.

आठवड्यातून अर्धा तास, ठरलेल्या दिवशी, रेसिडेंटसोबत मास्टर चार्ट उघडून बसा. पाच केस पेपर उचला आणि चार्टशी ताडून पाहा. एवढ्याने नोंदींचा दर्जा जेवढा सुधारतो तेवढा कोणत्याही कार्यशाळेने सुधारत नाही. पीएसएम (सामुदायिक वैद्यक) विभागातल्या सांख्यिकीच्या माणसाकडे सिनॉप्सिसच्या आधी जा. आकडे गोळा झाल्यावर 'यात काहीतरी सिग्निफिकंट काढून द्या' म्हणून गेलात तर ते तरी काय करणार? वीस तुलना केल्या की एखादी योगायोगानेच सिग्निफिकंट निघते, आणि तीच मग निष्कर्षात मिरवते.

लेखकांच्या यादीबद्दल स्पष्ट बोलतो. ज्याने रात्री जागून रुग्ण नोंदवले आणि मसुदा लिहिला त्याचं नाव पहिलं. विभागातल्या ज्यांनी अभ्यासाला हात लावला नाही त्यांचं नाव घालायचं नाही, पद कितीही मोठं असो. हे पहिल्याच मीटिंगमध्ये कागदावर लिहून ठेवलं की शेवटी कटुता येत नाही. बढतीसाठी शोधनिबंध लागतात ही अडचण मला समजते, पण पैसे भरल्यावर चार दिवसांत 'स्वीकारला' कळवणाऱ्या नियतकालिकात रुग्णांची माहिती टाकू नका. ती कोणी वाचत नाही, आणि एकदा तिथे छापली की चांगल्या ठिकाणी परत छापता येत नाही.

या आठवड्यात एक काम करा. कॅज्युअल्टी आणि वॉर्डाच्या रजिस्टरमधून मागच्या तीन महिन्यांत अपेंडिक्सच्या संशयाने किती जण आले, त्यातल्या किती जणांचं ऑपरेशन झालं, एवढेच दोन आकडे मोजा. नावं उतरवू नका. महिन्याला दहा संशयित येत असतील तर वीस महिन्यांत दोनशे होतात, काही गळती धरूनही १७० जमतात. पाचच येत असतील तर दुसरं युनिट जोडून घ्यावं लागेल किंवा सात टक्क्यांची अचूकता दहावर आणावी लागेल, मग अपेंडिक्स ठरलेले पन्नासेक रुग्ण पुरतात. हे आकडे आणि मधल्या स्कोअरचा तो रात्रीचा प्रश्न एका कागदावर लिहून गाइडकडे जा, आणि सिनॉप्सिसची तारीख यायच्या आधी जा.